कागदी घोड्यांची शर्यत

‘कागदी घोडे नाचवणे’ हा वाक्प्रचार आपण सरकारी कचेऱ्यांना उद्देशून वापरतो. अमेरिकेत मात्र हे घोडे अगदी शब्दशः कागदावर होते, आणि त्यांच्या जोरावर खऱ्याखुऱ्या शर्यती जिंकल्या जात होत्या. मोटारीच्या इंजिनाची ताकद अश्वशक्तीत मोजतात हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. ती ताकद कोणी मोजायची, कोणी जाहीर करायची आणि जाहीर केलेला आकडा खरा की खोटा हे कोणी ठरवायचे, हे प्रश्न त्यामानाने अवघड आहेत. पाव मैलाच्या सरळ रस्त्यावर, जेमतेम दहा-बारा सेकंदांत संपणाऱ्या एका खेळाने सत्तर वर्षे या प्रश्नांशी झटापट केली. त्या झटापटीचा इतिहास मोटारींत मुळीच रस नसलेल्या माणसानेही वाचावा असा आहे.

हा विषय आज काढायला कारणही आहे. २०२३ साली डॉज कंपनीने ‘डीमन १७०’ नावाची मोटार बाजारात आणली. ती रस्त्यावर चालवायला कायद्याने मोकळी होती आणि पाव मैल तिने ८.९१ सेकंदांत कापला होता. शर्यतीच्या शेवटी तिचा वेग ताशी १५१ मैल, म्हणजे २४० किलोमीटरच्या वर होता. अमेरिकेतल्या या शर्यतींची नियामक संस्था ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ हिने कंपनीला पत्र पाठवून कळवले की, आवश्यक ती सुरक्षा साधने नसल्यामुळे ही मोटार आमच्या नियमांत बसत नाही. कंपनीने ते पत्र लपवले नाही, उलट जाहिरातीसारखे मिरवले. दुकानात मिळणारी मोटार शर्यतीच्या मैदानाला जड झाली, असा हा उलटा न्याय! जिथे मुळात ‘दुकानात मिळते तशीच मोटार आणा’ हा नियम होता, तिथे ही पाळी कशी आली?

पोरांना रस्त्यावरून उचला

दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात दोन गोष्टी मुबलक होत्या. एक, युद्धावरून परतलेले, यंत्रांशी खेळायला शिकलेले तरुण. दुसरी, ओस पडलेल्या विमानतळांच्या धावपट्ट्या. जुन्या मोटारी स्वस्तात घ्यायच्या, इंजिनात खटपटी करायच्या आणि रात्री रस्त्यावर एकमेकांशी पैजा लावायच्या, हा या मुलांचा उद्योग. अपघात होत, पोलीस मागे लागत, वर्तमानपत्रे झोडपून काढत. ‘हॉट रॉड’ या मासिकाचे संपादक वॉली पार्क्स यांनी यातून एक साधा मार्ग काढला. मुलांना नुसते ‘करू नका’ म्हणून ती ऐकणार नाहीत, त्यांना करायला जागा द्या. १९५१ साली त्यांनी संघटना स्थापन केली, १९५३ मध्ये पोमोना येथे तिची पहिली अधिकृत शर्यत झाली आणि १९५५ साली कॅन्सास राज्यातल्या ग्रेट बेंड गावी पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली.

खेळ समजायला सोपा. दोन मोटारी शेजारीशेजारी उभ्या करायच्या, इशारा मिळताच सुटायचे आणि ४०२ मीटरवरची रेषा जो आधी ओलांडेल तो जिंकला. वळण नाही, खड्डा नाही, दुसरी फेरी नाही. आपल्याकडे जुन्नर-खेडच्या बाजूला घाटात बैलगाडा पळतो तेव्हा ‘बारी’ सेकंदांवर मोजतात. तीच नजर आणि तोच श्वास रोखून धरणे.

पण सगळ्यांकडे सारखी मोटार कशी असणार? कोणाकडे मोठ्या इंजिनाची, कोणाकडे वडिलांनी कुटुंबासाठी घेतलेली. शर्यत न्याय्य व्हायची तर वर्गवारी हवी. त्या वर्गवारीत सर्वांत खालच्या, सर्वांत लोकशाही पायरीवर होता ‘स्टॉक’ वर्ग. कारखान्यातून निघाली तशी, कसलाही बदल न केलेली मोटार. सोमवारी तिच्यातून कामावर जा, रविवारी तिनेच शर्यत लाव.

स्टॉक स्टेटमेंट

वर्गवारीचे गणित असे होते. मोटारीचे कारखान्याने जाहीर केलेले वजन घ्यायचे, त्याला कारखान्यानेच जाहीर केलेल्या अश्वशक्तीने भागायचे. एका घोड्याच्या वाट्याला किती पौंड वजन येते यावरून मोटार कोणत्या वर्गात धावणार ते ठरे. एका घोड्यामागे वजन जितके कमी, तितका वर्ग वरचा आणि प्रतिस्पर्धी तितके जबर.

हे वाचून कोणाही बँकवाल्याच्या कपाळाला आठी पडेल. माझी हयात बँकेत गेली. कॅश क्रेडिटचे खाते असलेला व्यापारी दर महिन्याला गोदामातल्या मालाचे ‘स्टॉक स्टेटमेंट’ स्वतःच लिहून देतो आणि त्यावर त्याला किती रक्कम उचलता येईल ते ठरते. ज्याचे मोजमाप करायचे त्यानेच मापाचा कागद लिहायचा. म्हणून तर अधिकाऱ्याने अधूनमधून गोदामात जाऊन पोती मोजायची असतात. नुसती पुढची रांग पाहून परतायचे नसते, मागच्या पोत्यात साखर आहे की भुसा, हेही पाहायचे असते.

फरक एवढाच की व्यापाऱ्याला आकडा फुगवण्यात फायदा असतो, मोटार कारखान्यांना तो दडपण्यात होता. समजा मोटारीचे वजन ३,३०० पौंड आहे. कागदावर ३३५ अश्वशक्ती लिहिली तर एका घोड्यामागे ९.८५ पौंड पडतात. इंजिन खरोखर ४१० ची ताकद देत असेल तर हाच आकडा ८.०५ वर येतो. म्हणजे कागदावर पंचाहत्तर घोडे लपवले की पैलवान थेट शाळकरी मुलांच्या कुस्तीत उतरू शकतो.

कारखाने आखाड्यात उतरले

सुरुवातीला हा हौशी माणसांचा खेळ होता. पण रविवारी जी मोटार जिंकते ती सोमवारी दुकानातून जास्त खपते, हे डेट्रॉइटच्या कंपन्यांच्या लवकरच ध्यानात आले. १९५७ साली अमेरिकन मोटार उत्पादकांच्या संघटनेने शर्यतींना पाठबळ न देण्याचा ठराव केला होता. तो ठराव पाळण्यापेक्षा वाकवण्याचेच काम अधिक झाले. शेव्हरोलेचे ४०९ घनइंचांचे इंजिन, क्रायस्लरचे ‘मॅक्स वेज’, फोर्डचे ४२७, अशी एकाहून एक इंजिने १९६१ ते १९६४ या काळात शर्यतीच्या मैदानावर अवतरली. ही सारी विक्रीच्या यादीत होती, म्हणून कागदोपत्री ‘स्टॉक’.

नियम करणाऱ्यांनी मग अट घातली की, मोटार किमान इतक्या संख्येने बनलेली आणि सामान्य गिऱ्हाइकाला विकत मिळणारी हवी. कारखान्यांनी ती अट बरोबर तेवढीच पाळली. १९६४ ची फोर्डची ‘थंडरबोल्ट’ हे त्याचे नामी उदाहरण. मध्यम आकाराच्या फेअरलेन मोटारीत अवाढव्य इंजिन कोंबलेले आणि वजन वाचवायला पुढचे भाग फायबरग्लासचे. अशा सुमारे शंभर गाड्या निघाल्या. विकत मिळत होत्या हे खरे, पण मुलांना शाळेत सोडायला कोणी ती घेणार नव्हते. जी मोटार संख्येच्या अटीत बसत नसे तिच्यासाठी १९६२ मध्ये ‘फॅक्टरी एक्स्पेरिमेंटल’ असा स्वतंत्र वर्ग काढावा लागला. त्या वर्गात कंपन्यांनी चाकेच पुढे सरकवली. १९६५ च्या त्या मोटारी इतक्या चमत्कारिक दिसत की त्यांच्या वंशाला पुढे ‘फनी कार’ हेच नाव पडले.

जनरल मोटर्सने जानेवारी १९६३ मध्ये शर्यतींतून अंग काढून घेतल्याचे जाहीर केले. तरीही तिच्या मोटारी मैदानात दिसतच राहिल्या. वरिष्ठांचे परिपत्रक एक सांगते आणि खालच्या टेबलावर दुसरेच चालते, हा अनुभव केवळ भारतीय नाही.

या धामधुमीत एक सुखद नोंदही आहे. १९६६ च्या पोमोना येथील हिवाळी स्पर्धेत ‘टॉप स्टॉक’ हा किताब शर्ली शाहान या महिलेने जिंकला. या संघटनेची राष्ट्रीय स्पर्धा जिंकणारी ती पहिली स्त्री. इतर कितीतरी खेळांत बायकांना प्रेक्षकांतच जागा होती त्या काळात ही गोष्ट घडली. मोटार आणि घड्याळ यांना चालकाचे लिंग कळत नाही, हा त्या खेळाचा मोठा गुण.

दोन गाड्यांची गोष्ट

कागदी घोड्यांचा खेळ शिगेला पोचला तो १९६८ आणि १९६९ साली. फोर्डने ४२८ घनइंचांची ‘कोब्रा जेट’ मस्टँग काढली आणि तिच्या कागदावर ३३५ अश्वशक्ती लिहिली. ती प्रत्यक्षात चारशेच्या पुढे असावी असे जाणकार तेव्हाच म्हणत होते. १९६८ च्या हिवाळी स्पर्धेत अल जोनिएकने तिच्यावर ‘सुपर स्टॉक’चा किताब पटकावला. शेव्हरोलेचा नमुना तर त्याहून गमतीचा. कॉर्व्हेट मोटारीचे रस्त्यावरचे एक इंजिन ४३५ अश्वशक्तीचे म्हणून विकले जाई आणि केवळ शर्यतीसाठी केलेले त्याचे दांडगे भावंड ४३० चे म्हणून. थोरला धाकट्याहून लहान!

या लपवालपवीला दुसरेही एक कारण होते, ते बँक आणि विमा व्यवसायातल्या माणसाला चटकन पटेल. जास्त अश्वशक्तीच्या मोटारींवर, विशेषतः तरुण चालकांच्या, विमा कंपन्यांनी हप्ते वाढवायला सुरुवात केली होती. म्हणजे कमी आकडा लिहिला की शर्यतीचा पंचही खूश आणि विमा कंपनीही खूश. एकाच खोट्या कागदाचे दोन ठिकाणी पैसे वसूल.

दुसरी गाडी म्हणजे १९६९ ची ‘झेडएल-वन’ कॅमॅरो. इलिनॉय राज्यातल्या ला हार्प या लहानशा गावी फ्रेड गिब नावाचा शेव्हरोलेचा विक्रेता होता. ॲल्युमिनियमचे ४२७ घनइंचांचे शर्यतीचे इंजिन कॅमॅरोत बसवून मिळावे असे त्याच्या मनात आले. नियमानुसार किमान पन्नास मोटारी बनायला हव्या होत्या, तेव्हा त्याने पन्नासांची मागणी नोंदवली. पोलीस किंवा टॅक्सी कंपन्यांच्या खास मागण्यांसाठी शेव्हरोलेत ‘सेंट्रल ऑफिस प्रॉडक्शन ऑर्डर’ म्हणजे ‘कोपो’ नावाची पद्धत होती. त्या आडवाटेने ही मागणी पुढे सरकली. मोटारी आल्या, पण बिल पाहून गिबचे डोळे पांढरे झाले. एकेक मोटार सात हजार डॉलरच्या वर, म्हणजे साध्या कॅमॅरोच्या दुपटीहून अधिक. गावच्या दुकानात पन्नास गाड्या पडून, कंपनीचे येणे डोक्यावर. अखेर बऱ्याचशा गाड्या कंपनीने परत घेऊन इतरत्र वाटल्या. एकंदर ६९ गाड्या बनल्या. एका छोट्या विक्रेत्याला बुडीताच्या काठावर नेणारा तो माल आज लिलावात लाखो डॉलरना जातो. माल चांगला असूनही वेळेवर खपला नाही तर काय होते, हे बँकेच्या कर्जखात्यांत मी पुष्कळदा पाहिले आहे. पन्नास वर्षे कळ काढण्याची सोय मात्र कोणत्याही कर्जखात्यात नसते.

नियमांची उलटी चाल

संघटनेने अखेर जे करायला हवे होते ते केले. कारखान्याचा आकडा प्रमाण न मानता स्वतःचा आकडा लावायचा अधिकार तिने वापरला. मैदानावरची कामगिरी पाहून कागदावरचे घोडे वाढवायचे. याला ते ‘फॅक्टरिंग’ म्हणतात. म्हणजे गोदामात जाऊन पोती मोजणे सुरू झाले.

सत्तरच्या दशकात बाहेरचे जगही बदलले. १९७० मध्ये हवेच्या प्रदूषणाविरुद्धचा कायदा कडक झाला. १९७२ पासून अमेरिकन कंपन्या अश्वशक्ती वेगळ्या पद्धतीने सांगू लागल्या. नुसते इंजिन टेबलावर चालवून काढलेल्या आकड्याऐवजी पंखा, सायलेन्सर वगैरे सगळे जोडून काढलेला निव्वळ आकडा. तेच इंजिन एका रात्रीत कागदावर अशक्त झाले. १९७३ च्या तेलसंकटाने उरलीसुरली हौस फिटली. नव्या मोटारी मरगळल्या आणि स्टॉक वर्गात जुन्या मोटारींचीच सद्दी राहिली.

ज्यांना कारखान्यांची खरी झुंज पाहायची होती त्यांच्यासाठी १९७० साली ‘प्रो स्टॉक’ हा व्यावसायिक वर्ग सुरू झाला. ‘ग्रंपी’ म्हणून ओळखला जाणारा बिल जेन्किन्स कॅमॅरो घेऊन त्याची पहिली स्पर्धा जिंकला, तेव्हा दहा सेकंदांच्या आत येणे म्हणजे पराक्रम होता. १९८२ मध्ये सर्वांना ५०० घनइंचांची एकच मर्यादा आली. १९९४ साली कर्ट जॉन्सनने सात सेकंदांची भिंत फोडली, १९९७ मध्ये त्याच्या वडिलांनी, वॉरन जॉन्सन यांनी, ताशी २०० मैलांची. २०१६ पासून इंधन इंजेक्शन आणि फेऱ्यांवर मर्यादा आली. आज या मोटारी साडेसहा सेकंदांच्या आसपास धावतात. पण बाहेरचा आकार वगळला तर त्यांच्यात दुकानातले काही उरलेले नाही. ‘स्टॉक’ हे नाव देवळावरच्या जुन्या पाटीसारखे तेवढे राहिले.

खालच्या, हौशी स्टॉक वर्गात मात्र वेगळाच प्रयोग झाला. वेगवेगळ्या वकुबाच्या मोटारींना एकमेकींसमोर उभे करायचे तर मंद मोटारीला आधी सोडायला हवे. १९६३ पासून झेंड्याऐवजी दिव्यांचा खांब आला होता, त्याला ‘ख्रिसमस ट्री’ म्हणतात. त्यामुळे दोन बाजूंना वेगवेगळ्या वेळी हिरवा दिवा देणे शक्य झाले. पुढे पद्धत अशी रूढ झाली की, मोटार किती सेकंदांत धावेल ते चालकाने स्वतः आधी काचेवर लिहायचे. दोघांच्या वेळांतला फरक मंद मोटारीला सवलत म्हणून मिळतो. लिहिल्यापेक्षा जलद धावलात तर तुम्ही बाद, समोरचा जिंकला.

पाहा, नियम किती शहाणा आहे. आकडा तुम्हीच सांगा, पण सांगितलात की त्याला बांधील राहा. खोटे बोलण्याची शिक्षा त्या खोट्यातच आहे.

तरीही माणूस वाट काढतोच. प्रत्येक वर्गाला संघटनेने एक प्रमाणवेळ ठरवून दिली आहे. एखाद्या प्रकारची मोटार तिच्यापेक्षा फारच जलद, सेकंदाहून अधिक फरकाने धावू लागली की तिची कागदी अश्वशक्ती आपोआप वाढवली जाते आणि तिला जड जाते. मग शहाणे चालक काय करतात? शेवटची रेषा जवळ आली की हळूच ब्रेक लावतात. जिंकण्यापुरते पुढे राहायचे, पण खरी ताकद दाखवायची नाही. सर्वांत वेगवान ठरण्याचा खेळ, आणि त्यात ब्रेक मारण्याचे कौशल्य!

बँकेत दर मार्चअखेर याचाच जुळा भाऊ भेटतो. शाखेने या वर्षी ठेवींचे उद्दिष्ट भरपूर ओलांडले की पुढच्या वर्षी ते त्याहून वर चढवले जाते. मग एखादी मोठी ठेव एकतीस मार्चऐवजी दोन एप्रिलला आली तर बरे, असे कोणालाही वाटू लागते. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ साली पतधोरणाबद्दल मांडलेला मुद्दा याच जातीचा आहे. ज्या आकड्यावर नियंत्रणाची मदार ठेवावी, तो आकडा त्या क्षणापासून विश्वासाचा राहत नाही. गुडहार्ट बँक ऑफ इंग्लंडमध्ये जे पाहत होते, तेच पोमोनाच्या मैदानावर मेकॅनिक मंडळी आपापल्या परीने पाहत होती.

तेच यंत्र, दोन सेकंद कमी

या सगळ्याला लबाडी म्हणून मोडीत काढणे मात्र अन्यायाचे होईल. स्टॉक वर्गाचा दुसरा इतिहास शुद्ध कारागिरीचा आहे. कारखाना भाग बनवतो तेव्हा प्रत्येक मापाला थोडी सूट ठेवतो, केसभर इकडे, केसभर तिकडे. नियम सांगतो, माप त्या सुटीच्या आत असले की भाग स्टॉक. कुशल कारागीर प्रत्येक भाग त्या सुटीच्या सर्वांत फायद्याच्या टोकाला आणून बसवतो. याला ‘ब्लूप्रिंटिंग’ म्हणतात. व्हॉल्व्ह किती उघडावा यावर बंधन आहे, पण किती वेळ उघडा राहावा यावर नाही, हे ओळखून कॅमशाफ्टचे आकार बदलले. त्यात टायरचे रबर, वंगण, गिअरबॉक्स, स्प्रिंगा आणि हवेतल्या दमटपणाचा हिशेब जोडा.

१९६८ साली क्रायस्लरने हेमी इंजिनाच्या खास डार्ट आणि बॅराकुडा शर्यतीसाठी काढल्या. तेव्हा त्या दहा सेकंदांच्या घरात धावत. त्याच मोटारी, त्याच जातीचे इंजिन आज आठ सेकंदांच्या घरात धावतात. कारखान्याने पन्नास वर्षांत त्यांना एक बोटही लावलेले नाही. ही दोन सेकंदे मेकॅनिकांच्या बापलेकांनी, गॅरेजांतल्या रात्रींनी कमावलेली आहेत. नियमाच्या चौकटीत राहून मिळवलेल्या या सेकंदांचे मोल चौकट वाकवून मिळवलेल्या सेकंदांहून मला अधिक वाटते.

नंबर प्लेट नसलेली ‘दुकानातली’ मोटार

२००८ नंतर कारखाने परत आले. फोर्डने कोब्रा जेट हे नाव पुन्हा काढले आणि पन्नास मस्टँग बनवल्या. डॉजने ‘ड्रॅग पॅक’ चॅलेंजर आणली. शेव्हरोलेने २०१२ मध्ये ‘कोपो’ कॅमॅरो काढल्या, आणि त्याही मोजून ६९. गिबच्या फसलेल्या व्यवहाराचा आकडा आता अभिमानाचा झाला होता. या मोटारी कारखान्यातून थेट शर्यतीसाठी मिळत. त्यांना रस्त्यावर चालवण्याची परवानगी नव्हती, नंबर प्लेट मिळत नव्हती. स्टॉकची मूळ व्याख्या ‘रस्त्यावरची मोटार शर्यतीत’ अशी होती. आता जी रस्त्यावर येऊच शकत नाही ती स्टॉक ठरली. त्यांच्या कागदी अश्वशक्तीवरून पुन्हा जुनेच वाद झाले आणि संघटनेला पुन्हा आकडे वाढवावे लागले. अखेर या मोटारींची आपापसातली वेगळी शर्यत सुरू झाली. तिथे आज साडेसात-आठ सेकंदांत निकाल लागतो.

त्याच वेळी रस्त्यावरची मोटार उलट दिशेने धावत सुटली. २०१८ सालच्या डीमनला पाव मैलाला ९.६५ सेकंद लागत. २०२१ ची विजेवरची टेस्ला ‘प्लेड’ साधारण सव्वानऊ सेकंद घेते, तेही चार माणसे बसतील अशा थंडगार केबिनमध्ये, आवाज न करता. दहा सेकंदांच्या आत धावणाऱ्या मोटारीत पोलादी पिंजरा हवा, हा संघटनेचा जुना नियम. तो अपघातांतून शिकून केलेला होता. कारखान्याच्या नव्या मोटारींच्या सुरक्षेचा विचार करून संघटनेने पुढे त्यांना नऊ सेकंदांपर्यंत सवलत दिली. डीमन १७० ने तीही रेषा ओलांडली. शर्यतीचा चालक हेल्मेट घालून, परवाना काढून, पिंजऱ्यात बसून जे करतो, ते कोणीही पैसेवाला दुकानातून किल्ली घेऊन करू शकतो.

विजेच्या मोटारीने कागदी घोड्यांचा प्रश्न आणखी अवघड केला आहे. पेट्रोलचे इंजिन उघडून मोजता येत होते. आता ताकद किती हे संगणकाच्या आज्ञावलीत लिहिलेले असते. फोर्डने २०२० मध्ये ‘कोब्रा जेट १४००’ ही विजेवरची शर्यतीची मोटार तयार केली, तिने पाव मैल ८.२७ सेकंदांत कापला. अशा मोटारीच्या गोदामात पोती मोजायला जाणार कोण आणि कसे? २०१५ साली फोक्सवॅगनच्या डिझेल मोटारींत चाचणी ओळखणारी आज्ञावली सापडली. मोटारीला ‘आपली परीक्षा चालू आहे’ हे कळत होते आणि तेवढा वेळ ती सभ्य वागत होती. एका प्रामाणिक मोजपट्टीला फसवण्याचा तो आजवरचा सर्वांत मोठा प्रकार म्हणावा लागेल.

आपल्या दारात

आपण मोटार घेताना ‘किती देते?’ असे विचारतो. विक्रेता पुण्याच्या ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ने चाचणीत काढलेला आकडा सांगतो. चाचणी खरी असते, पण ती ठरावीक परिस्थितीत असते. सिंहगड रस्त्यावरच्या संध्याकाळी तो आकडा भेटत नाही. इथे कोणी खोटे बोललेले नाही. मोजणारा आणि विकणारा वेगळे आहेत, ही आपली जमेची बाजू. निदान चाचणीची पद्धत जाहीर आहे. कागदावरच्या आकड्याकडे कसे पाहावे याचा धडा स्टॉक वर्गाने सत्तर वर्षांत दिला आहे. आकडा कोणी लिहिला, त्याला त्यात काय मिळते आणि तो तपासायला कोणी गोदामात गेले होते का, हे तीन प्रश्न विचारावेत. शाळेचा निकाल, कंपनीचा ताळेबंद, पुलाचे प्रमाणपत्र, कुठेही हेच प्रश्न लागू पडतात.

दुसरा धडा मला अधिक निकडीचा वाटतो. भारतात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांवर माणसे मेली. त्यांतल्या बहुसंख्य मृत्यूंमागे अतिवेग असल्याचे सरकारी अहवालच सांगतो. मुंबईत वांद्र्याच्या बाजूला रात्री मोटारसायकलींच्या पैजा लागतात, पोलीस धरपकड करतात, काही दिवस शांतता, पुन्हा तेच. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ या नावाने पाव मैलाच्या शर्यती झाल्या आहेत. पण महागड्या मोटारी असलेल्यांपलीकडे, साध्या घरातल्या, हप्त्यावर मोटारसायकल घेतलेल्या मुलाला अशी जागा कुठे आहे? २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातलेली बैलगाडा शर्यत नियम करून, अटी घालून २०२१ च्या डिसेंबरात पुन्हा सुरू होऊ शकली. मग वेगाच्या या दुसऱ्या हौसेला नियमांच्या चौकटीत आणायला आपण का कचरतो?

वॉली पार्क्स २००७ साली वारले. त्यांनी वेगाची हौस वाईट मानली नाही. तिला एक सरळ पट्टी, एक घड्याळ, डोक्यावर हेल्मेट आणि बाजूला एक रुग्णवाहिका दिली. पुढे कारखाने आले, कागदी घोडे आले, ब्रेक मारणारे विजेते आले. नियमांतल्या प्रत्येक फटीतून कोणीतरी आत शिरले आणि नियम करणाऱ्याला दर काही वर्षांनी पुन्हा बसून फट बुजवावी लागली. एकदा नियम लिहिला की काम झाले, असे मानणाऱ्यांसाठी हा खेळ नव्हे. पण सत्तर वर्षांनंतरही त्या मैदानावर शनिवार-रविवारी मुलगा बापाची जुनी मोटार घेऊन येतो, काचेवर आपली वेळ लिहितो आणि दिवा हिरवा होण्याची वाट पाहतो. त्या काळात तो कोणाच्या अंगावर गाडी घालत नसतो. आपल्या एखाद्या जिल्ह्यातल्या, वर्षानुवर्षे विमान न उतरलेल्या धावपट्टीचा याहून चांगला उपयोग मला तरी सुचत नाही.